बिस्किटांच्या डब्यातले सहा माउथपीस

माणूस भेटला की आमचे घरमालक आधी त्याच्या तोंडाकडे बघत. चेहऱ्याकडे नव्हे, डोळ्यांकडेही नव्हे. नाकाच्या खाली आणि हनुवटीच्या वर जेवढी जागा असते तेवढीच. बघून झालं की मान थोडी कलती करून म्हणत, "टुबा." किंवा, "फ्ल्यूट." आणि मग नमस्कार करत.

जागा बघायला गेलेल्या माझ्या वडिलांना त्यांनी "क्लॅरिनेट" म्हटलं. वडिलांना वाटलं, आधीच्या भाडेकरूचं नाव असेल. "ते का सोडून गेले?" त्यांनी विचारलं. आईच्या वाट्याला "ट्रंपेट" आलं, आणि ते का आलं हे आम्हा कुणालाच विचारावं लागलं नाही. चर्चच्या पाद्रीबाबांबद्दल त्यांचं मत असं, "ह्या तोंडाला कायच बसत नाय. ह्यानं प्रार्थना करावी."

दारूबंदी नवी होती तेव्हाची ही गोष्ट. गिरगावातली खोली अपुरी पडायला लागली म्हणून आम्ही अंधेरीला, चकाल्याच्या गावठाणात राहायला गेलो. मागे भातशेती, समोर चुना दिलेला क्रूस, आणि बाहेरून लाकडी जिना असलेलं दुमजली घर. वर आम्ही तिघं, खाली ते एकटे आणि त्यांच्या नऊ कोंबड्या. बायको गेलेली होती, मुलगा आफ्रिकेत. ते मूळचे तिथलेच, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे जुने मराठी बोलणारे ख्रिस्ती. पस्तीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते, पण गावात त्यांना मास्तर म्हणत ते चर्चच्या वाद्यवृंदामुळे. तिथे त्यांनी आयुष्यभर आल्टो ट्रॉम्बोन वाजवला होता.

ट्रॉम्बोन म्हणजे लग्नाच्या बँडमध्ये नळी पुढे-मागे सरकवत वाजवतात ते पितळी वाद्य. आल्टो ही त्याची धाकटी बहीण. नळी आखूड, आवाज मधला. चर्चमध्ये बायकांचा खालचा सूर धरून ठेवायला तो लागतो. मास्तर म्हणत, "वरचा सूर सगल्यांना ऐकू येते. खालचा पोटात लागते. मधला कोनाला कलत नाय, पन काढून घे, मंग बग." आमच्या आसपास हे वाद्य दुसऱ्या कुणाकडे नव्हतं, आणि मास्तरांनीही ते वाजवणं कधीच सोडलेलं होतं. का, ते कुणी बोलत नसे.

वाजवत नसले तरी खिशात एक माउथपीस कायम असे. वाद्याच्या टोकाला बसवायची, फुंकायची ती छोटी पितळी वाटी. सोमवारी एक, मंगळवारी दुसरा. कोंबड्यांना दाणे टाकताना, भाजीवालीशी भांडताना त्यांचा हात खिशात त्यावर फिरत असे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "गरम ठेवायला लागते. थंड पितल ओठाला लावला तर ओठ रागावते." थंडीत ते ओठांना लोणी लावत, उन्हाळ्यात खोबरेल. आणि घरात शिट्टी वाजवायला सक्त मनाई होती. शिट्टीनं ओठाला वाईट सवय लागते. आमच्याकडे आलेल्या एका आतेभावाला त्यांनी या कारणासाठी जिन्यावरूनच परत पाठवलं होतं.

माझी आणि त्यांची खरी ओळख झाली ती शिट्टीमुळेच.

आम्ही राहायला आल्यानंतरच्या दुसऱ्या जानेवारीत एका सकाळी चूळ भरताना पाणी तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून आपोआप गळलं. मला वाटलं, झोप गेली नाही. आरशात बघितलं तर चेहऱ्याची उजवी बाजू खाली उतरली होती. डोळा मिटेना, गाल हलेना, हसायला गेले तर तोंड सगळं डावीकडे ओढलं जाई. शेजारणी म्हणाल्या, वारं गेलं. डॉक्टर म्हणाले, नस सुजली आहे. बहुतेकांची भरून येते, काहींची नाही.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि पहिलीच्या वर्गाला शिकवत होते. दादरच्या एका घरी लग्नाचं बोलणं चाललं होतं. त्यांचं पत्र आलं, मुलाला परीक्षा द्यायची आहे, वर्षभर थांबू. मुलाला कसलीही परीक्षा नव्हती. पण त्याचं मला तितकं लागलं नाही. लागलं ते शाळेत. प फ ब भ म ही अक्षरं दोन्ही ओठ मिटल्याशिवाय येत नाहीत. मी फळ्यापाशी उभी राहून "प" म्हणत होते आणि उजवीकडून नुसती हवा जात होती. कुणी हसलं नाही. पहिल्या बाकावरची एक मुलगी मात्र तोंड माझ्यासारखं वाकडं करून "प" म्हणून बघत होती. चिडवायला नव्हे. बाई करतात तसंच करायचं असतं म्हणून. त्या दिवशी मी तीन महिन्यांची रजा लिहून दिली.

डॉक्टरांनी गाल फुगवायला आणि शिट्टी वाजवायला सांगितलं होतं. आईसमोर ते करवेना, म्हणून मी मागच्या पायरीवर जाऊन बसायचे. तिसऱ्या दिवशी मास्तर दार उघडून बाहेर आले.

"शिट्टी कोन मारते?"

मी पदर तोंडावर घेतला. "मी. डॉक्टरांनी सांगितलंय."

"ही शिट्टी नाय. ही हवा." ते समोर उकिडवे बसले. "पदर काढ. मना बगू दे."

मी काढला नाही.

"बाय, मी डोलं नाय बगत, नाक नाय बगत. तू रडलीस काय, हसलीस काय, मना काय कलनार पन नाय. तोंड बगू दे."

कुणी इतकं सरळ बोललं नव्हतं. बाकी सगळे माझ्याशी बोलताना भिंतीकडे बघत होते. मी पदर काढला. ते बराच वेळ बघत राहिले, जसं एखादं बिघडलेलं यंत्र बघावं, आणि मग मान कलती करून म्हणाले, "आल्टो."

दुसऱ्या दिवशी ते बिस्किटांचा डबा घेऊन आले. आत सहा माउथपीस, प्रत्येक जुन्या मोज्यात गुंडाळलेला. ट्रॉम्बोन मात्र आणला नाही. त्यांचं म्हणणं, वाद्य कुणीही हातात धरतं, आधी वाटी ठरली पाहिजे. ती चुकली तर वर्ष फुकट जातं आणि माणूस म्हणतो, मला संगीत येत नाही. त्यांनी सगळे ओळीनं मांडून समजावलं. काठ रुंद असला तर ओठ दमत नाही, पण आळशी होतो. काठ बारीक असला तर सूर पटकन बदलतो, पण चावतो. वाटी उथळ असली तर वरचे सूर फुकटात मिळतात आणि आवाज पत्र्यासारखा येतो. फार खोल असली तर आल्टोचा आवाज रेड्यासारखा होतो.

"मग मी कसं निवडू?"

"तू नाय निवडायचा. ओठ निवडेल. कानाला इचारू नको, कान खोटा बोलते."

आईची अडचण वेगळी होती. "हे किती जणांच्या तोंडात गेलंय?" तिनं विचारलं. मास्तरांनी प्रामाणिकपणे सांगितलं. दोन त्यांचे स्वतःचे, एक एका पाद्रींचा, एक पोलीस बँडातल्या मित्राचा, दोन कुणाचे ते आठवत नाही. "मित्र असतात कुठे?" आईनं विचारलं. "सिमेट्रीत," मास्तर म्हणाले. त्या संध्याकाळी आईनं सहाच्या सहा चिंचेनं घासले आणि पातेल्यात उकळत ठेवले. मास्तर वास घेत वर आले, पातेल्यात डोकावले. "वयनी, बटाटं नाय ते." मग जरा विचार करून म्हणाले, "बरा केलास. मी गावठीत बुडवायचो. आता ती पन नीट मिलत नाय."

मग निवड सुरू झाली. एका माउथपीसला सहा दिवस. सकाळी अर्धा तास, नुसता ओठांवर धरून फुंकायचं, ओठ थरथरून माशीसारखा आवाज यावा म्हणून. सहा दिवसांनी मास्तर भिंग घेऊन माझ्या ओठांवर उमटलेला गोल वळ बघत आणि खालच्या पडवीच्या भिंतीवर खडूनं काढून ठेवत. आधी माझं तोंड, वाकडं होतं तस्सं, आणि त्यावर गोल. एकाखाली एक अशी माझी तोंडं भिंतीवर वाढत चालली. आईनं एकदा ओल्या फडक्यानं ती पुसली. मास्तरांनी दुसऱ्या दिवशी सगळी आठवणीनं पुन्हा काढली, आणि ती अगदी बरोबर होती.

पाचवा माउथपीस लहान होता, काठ बारीक, वाटी उथळ. मास्तरांनी तो मध्यावर न ठेवता डाव्या बाजूला सरकवला, माझी चांगली बाजू होती तिथे. "फुंक." मी फुंकलं आणि थरथर आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या तोंडातून काही तरी धड बाहेर पडलं होतं. मास्तर उठून आत गेले, ट्रॉम्बोन घेऊन आले. माउथपीस बसवला, पुन्हा डावीकडे धरायला लावला. वासरू हंबरतं तसा एक सूर निघाला. कोंबड्या पांगल्या. मास्तरांनी डोक्यावरची हॅट काढून हवेत उडवली.

"हाच! ठरला! तुजा माउथपीस हाच!"

मी पण हसले. ट्रॉम्बोन घेऊन वर गेले, आईला दाखवायच्या आधी आरशासमोर उभी राहिले आणि पुन्हा वाजवलं. आरशात माझा सगळा चेहरा डावीकडे गोळा झाला होता. उजवी बाजू नुसती लोंबत होती, जणू ती माझी नव्हतीच. ते तोंड घेऊन मी आयुष्यभर वाजवू शकले असते, पण त्यात "प" आला नसता.

मी खाली जाऊन माउथपीस डब्यात ठेवला. "मला हा नको. सहावा बघू." सहावा मोठा होता, रुंद काठाचा. तो तोंडाच्या मधोमधच बसायचा, त्याला डावं-उजवं चालत नसे.

मास्तरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "तो तुजा नाय. त्याला दोनी बाजू लागतान."

"म्हणूनच हवा."

"बाय, तोंड हाय तसा घ्यायचा. पितल तोंडापरमाने घ्यायचा. पायजेल त्या तोंडापरमाने नाय. आवाज आला ना तुजा? आनि काय पायजेल?"

"मला वाजवायचं नाहीये मास्तर, मला बोलायचंय." माझा आवाज चढला. "तुम्हाला काय जातंय सांगायला! तोंड हाय तसा घ्यायचा! मग तुम्ही का नाही वाजवत? तुमचं तोंड तर सरळ आहे."

त्यांनी बोटांनी आपली जाड पांढरी मिशी वर उचलली. वरच्या जबड्यात पुढचे चार दात नव्हते. दीड वर्ष मी रोज त्या माणसाशी बोलत होते आणि मला ते कधी दिसलं नव्हतं.

"दात नाय तर ओठाला टेकू नाय," ते म्हणाले. "दात गेलं, वाजवना गेला. मी घेतला हाय तसा. मी कोनाशी भांडलो?"

मी तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण चोवीस वर्षांच्या माणसाला ते जमत नाही. "कवळी मिळते की," मी म्हटलं.

मास्तर आत गेले आणि दार लावून घेतलं.

आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. पण डबा पडवीच्या कठड्यावर तसाच होता. आत घेतला नव्हता. मी रोज सकाळी जाऊन सहावा काढायचे, खाली बसून फुंकायचे. उजवीकडून सगळी हवा जायची. पहिल्या आठवड्यात मी उजवा कोपरा बोटानं दाबून धरला, तेव्हा कुठे जराशी थरथर आली. मास्तर अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत असत, माझ्याकडे पाठ करून. नवव्या दिवशी ते तांबड्या कोंबडीला म्हणाले, "बोट काढ. बोटानं दाबला तर तो कोपरा कवा शिकेल?"

मी बोट काढलं.

दुसऱ्या दिवशी कोंबडीला कळलं की तिनं गाल फुगवू नये. त्यानंतर तिला पाठ ताठ ठेवायला सांगण्यात आलं. पुढे जवळजवळ महिनाभर माझं सगळं शिक्षण त्या तांबड्या कोंबडीमार्फत झालं. आई वरून बघायची आणि म्हणायची, "तो माणूस ठार वेडा आहे." पण रोज सकाळी ती त्यांच्यासाठी एक कप चहा जास्त टाकायला लागली होती.

मार्चच्या शेवटी, रजा संपायला पंधरा दिवस उरले असताना, एका सकाळी मोठ्या माउथपीसमध्ये माशी गुणगुणली. मधोमध. बोट न लावता. मला खरं वाटेना म्हणून मी थांबले, पुन्हा फुंकलं. पुन्हा आली. मास्तरांनी दाण्यांचं सूप खाली ठेवलं आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मध्ये आता कोंबडी नव्हती.

"उजवा गाल हलला," ते म्हणाले. "मी बगितला. हलला."

त्यांचे डोळे भरले होते की काय, मला सांगता येणार नाही. मी पण तोंडाकडेच बघत होते. मिशी थरथरत होती.

मी ठरलेल्या दिवशी शाळेत रुजू झाले. "प" आला. "भ" थोडा सैल होता, पण महिन्याभरात तोही बसला. डॉक्टरांना सगळी हकिकत सांगितली तेव्हा ते हसून म्हणाले, ते कदाचित आपोआपही भरून आलं असतं. असेल. मला ठाऊक नाही. चेहरा पूर्वीसारखा पूर्ण कधीच झाला नाही. अजूनही खूप दमले की उजवी पापणी मागे राहते. लग्न नंतर दोन वर्षांनी झालं, मुलुंडच्या एका घरी. नवऱ्याला मी बघण्याच्या कार्यक्रमातच सांगून टाकलं की मी ट्रॉम्बोन शिकते. ते म्हणाले, "घरात की बाहेर?" एवढंच.

पण मास्तरांचं समाधान झालं नव्हतं. माझा गाल हलायला लागल्यावर त्यांनी भिंतीवरची सगळी तोंडं स्वतःच्या हातानं पुसली. "आता तोंड बदलला. आता पयल्यापासून." मी कपाळाला हात लावला. सहा माउथपीस, सहा-सहा दिवस, भिंग, खडू. शेवटी चौथ्यावर आमचं दोघांचं एकमत झालं, मधला काठ, मधली वाटी. आणि मी मे महिन्यात खऱ्या अर्थानं ट्रॉम्बोन शिकायला सुरुवात केली. त्यांच्या मते तोपर्यंत जे झालं ते शिकणं नव्हतंच.

शिकवताना ते गाऊन सूर सांगत. वाजवून दाखवत नसत, आणि मी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. माझ्या त्या बोलण्याची मला लाज वाटत होती. एकदा माफी मागायला गेले तर त्यांनी "नली आधी पूस" म्हणून उडवून लावलं.

पावसाळ्यात ते मंगळवारी-मंगळवारी दुपारचे कुठेसे जायला लागले. हॅट, स्वच्छ सदरा, छत्री. विचारलं तर म्हणायचे, "कामाला." आईला संशय आला की दारूच्या भानगडीत पडले. चार मंगळवार झाले. पाचव्या मंगळवारी मी शाळेतून आले तर गल्लीच्या तोंडापासूनच एक भयंकर आवाज ऐकू येत होता. फाटका, मध्येच तुटणारा, वर चढता-चढता घसरून पडणारा. मला वाटलं, गावातल्या कुणा पोरानं पडवीतला ट्रॉम्बोन उचलला. मी पळतच आले.

पडवीत मास्तर बसले होते. हातात ट्रॉम्बोन. समोर बिस्किटांचा डबा, सहाही माउथपीस मोज्यांतून काढून ओळीनं मांडलेले. मला बघून त्यांनी वाद्य खाली घेतलं आणि तोंड उघडलं. वरची कवळी पांढरीशुभ्र होती, त्यांच्या तोंडाला जरा मोठीच. अंधेरी स्टेशनजवळच्या चिनी दातवाल्यानं करून दिलेली.

आयुष्यभर ज्यांनी ते वाद्य वाजवलं, त्यांना मी त्या दिवशी पहिल्यांदा वाजवताना ऐकलं होतं, आणि ते माझ्या पहिल्या आठवड्यापेक्षाही वाईट होतं. मी जिन्याच्या पायरीवर टेकले.

"बाय, खरा सांग," ते म्हणाले. नव्या दातांमुळे 'स' शिट्टीसारखा निघत होता. "कसा वाटला?"

"हवा जाते मास्तर," मी म्हटलं.

"कंच्या बाजूनं?"

"दोन्ही."

ते इतक्या मोठ्यानं हसले की कवळी सुटून हातात आली. ती त्यांनी तशीच पुन्हा बसवली, अंगठ्यानं दाबली, आणि ओळीतला पहिला माउथपीस उचलून मला दिला.

"खिशात ठेव," ते म्हणाले. "गरम कर. सहा दिस ह्यो बगू."

मी तो मुठीत धरला. मग खडू शोधायला आत गेले, कारण आता भिंतीवर त्यांचं तोंड मला काढायचं होतं, आणि मला चित्र अजिबात येत नव्हतं.